उन्हाळ्यातच ठरते पावसाळ्याची परसबाग

मे महिन्यात वाफे रिकामे पडलेले असतात. पण पावसाळी टोमॅटो-भाजीपाल्याची तयारी नेमकी आताच करायची असते.

आधी जागा ठरवा. गेल्या हंगामात जिथं टोमॅटो, वांगी किंवा मिरची होती, तिथं यंदा गवार, चवळी किंवा घेवडा घ्या. टोमॅटो, वांगी, मिरची आणि बटाटा एकाच कुळातले. त्यामुळं त्यांचे रोगही बरेचसे सारखेच.

टोमॅटोच्या वाफ्याची माती भुसभुशीत करा, पाणी द्या आणि पारदर्शक प्लॅस्टिक अंथरून कडा मातीनं बुजवा. चार ते सहा आठवड्यांच्या उन्हानं जमिनीतली बुरशी, सूत्रकृमी आणि तणांचं बी बरंच कमी होतं.

आता बियाणं. अकोले तालुक्यातल्या कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे यांनी गावरान वाणांची बियाणे बँक उभारली. २०२० च्या पद्म पुरस्कारांत त्यांना पद्मश्री जाहीर झाली. गावरान वाणाचं बी पुढच्या वर्षी पुन्हा लावता येतं. संकरित टोमॅटोचं बी धरलं, तर तेच गुण उतरतील याची खात्री नसते.

घरच्या बियांची उगवण आधी तपासा. दहा बिया ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवा. आठवडाभरात सात-आठ उगवल्या, तर बी चांगलं. निम्म्याहून कमी उगवल्या, तर नवीन बी आणा.

रोप तयार व्हायला २५ ते ३० दिवस लागतात. म्हणून जूनअखेर लागवड करायची, तर मेअखेर रोपवाटिकेत बी पडायला हवं.