राखेच्या थराची साक्ष

कोल्हापुरात पंचगंगेच्या काठी ब्रह्मपुरीची टेकडी आहे. १९४५-४६ साली पुण्याच्या डेक्कन कॉलेजने तेथे उत्खनन केले, तेव्हा थरांचा काळ ठरविण्यास सातवाहन राजांच्या नाण्यांचे मोठे साहाय्य झाले. परंतु ज्या काळी नाणे नव्हते, लिपीही नव्हती, त्या काळच्या गाळाचे वय कसे ठरवावयाचे?

पुणे जिल्ह्याच्या जुन्नर तालुक्यात, कुकडी नदीकाठच्या बोरी येथे यासाठी एक विलक्षण साधन हाती आले. १९८० नंतरच्या दशकात तेथील गाळात अभ्यासकांना ज्वालामुखीच्या राखेचा फिकट थर आढळला. सह्याद्रीचा काळा पाषाण ज्वालामुखीचाच. तेव्हा राखही येथलीच असावी, असे सहज वाटेल. पण तो पाषाण सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा आहे. ही राख मात्र तीन हजारांहून अधिक किलोमीटर दूर असलेल्या सुमात्रा बेटावरील तोबा ज्वालामुखीतून वाऱ्यावर आली.

राख म्हणजे काचेचे अतिसूक्ष्म कण. त्यांची रासायनिक घडण बोटांच्या ठशांसारखी असते. तीवरून ज्वालामुखी व बहुधा उद्रेकही ओळखता येतो. राखेतील पोटॅशियमपासून अतिमंद गतीने निर्माण होणारा अरगॉन वायू मोजून वय काढता येते. मग राखेखालचा गाळ तिच्याआधीचा, वरचा नंतरचा, असा हिशेब मांडता येतो.

हिशेब सोपा, प्रत्यक्ष काम अवघड. बोरीच्या राखेचे वय प्रथम सुमारे १४ लाख वर्षे निघाले, १९९५ मध्ये ६.७ लाख. इतर संशोधकांनी काचकणांच्या पृथक्करणावरून ती सुमारे ७५ हजार वर्षांपूर्वीच्या, तोबाच्या शेवटच्या महाउद्रेकातील ठरविली. २०१४ च्या संशोधनाने भारतात तोवर नोंदलेल्या तोबाच्या सर्वच राखेविषयी हाच निष्कर्ष काढला. हा वाद केवळ आकड्यांचा नव्हे. बोरीच्या गाळात आदिमानवाची दगडी हत्यारे मिळाली आहेत. महाराष्ट्रात माणूस केव्हापासून वावरत होता, हा प्रश्न त्यात गुंतलेला आहे.

तळ्याच्या संथ पाण्यात राख पडली तेथेच बसते. नदी मात्र ती उचलते, काठावरची आणखी धुऊन आणते आणि जुन्या हत्यारांशेजारी नेऊन टाकते. म्हणून थर जागच्या जागी, अस्पर्श पाहावयास मिळणे अगत्याचे असते. आंध्र प्रदेशातील ज्वालापुरम येथे राखेच्या खाली व वर हत्यारे सापडली. तीच राख तेथे भांडी घासण्याच्या भुकटीसाठी खणलीही गेली!

नदीकाठी वाळू किंवा विटांची माती उपसताना गाळात फिकट, बोटांत कुरकुरणारी पट्टी दिसली, तर ग्रामपंचायतीने त्या जागी खोदकाम थांबवून तहसील कार्यालयामार्फत पुरातत्त्व विभागास कळवावे. चुनखडीचा थरही असाच दिसतो. त्यावर लिंबू पिळल्यास बुडबुडे येतात, निव्वळ राखेवर येत नाहीत.