दाल्येनमधली चार वर्षं

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



संयोजकांनी मला वीस मिनिटं आणि 'चीनमधले दिवस' असा विषय दिलाय. आपल्या ग्रुपवर मी तिथं जाऊन आले हे कळल्यावर दोनच प्रश्न आले होते. तिथं साप खातात का, आणि पैसे किती मिळवलेस? दोन्हींची उत्तरं जेवणाच्या वेळी देईन. आत्ता वेगळंच सांगायचंय, आणि ते इथं बसलेल्या बऱ्याच जणांच्या घरातल्या मुलामुलींशी संबंधित आहे.

सप्टेंबर २०१० ते जुलै २०१४ अशी चार वर्षं मी आणि आमचे हे, आम्ही दोघं दाल्येन नावाच्या शहरात वैद्यकीय विद्यार्थ्यांना शिकवत होतो. मी फिजिऑलॉजी आणि हे फार्माकॉलॉजी. मी नांदेडची, हे लातूरचे. म्हणजे दोघांनाही समुद्र ठाऊक तो सहलीपुरता. आपल्या भूगोलाच्या बाई फळ्यावर द्वीपकल्प काढून दाखवायच्या, तीन बाजूंनी पाणी आणि एका बाजूनं जमीन. दाल्येन अगदी तसं आहे. चीनच्या ईशान्येला ल्याओतुंग द्वीपकल्पाच्या टोकाला हे शहर वसलंय. हिवाळ्यात तापमान शून्याच्या खाली जातं आणि समुद्रावरून असा वारा सुटतो की गोदावरीच्या घाटावरची जानेवारीतली पहाट उबदार वाटावी.

हे शहर वसवलं रशियनांनी. १८९८ मध्ये चीनकडून ती जागा भाडेपट्ट्यानं घेऊन त्यांनी तिथं बंदर बांधलं आणि नाव ठेवलं दाल्नी. रशियन भाषेत त्याचा अर्थ 'दूरचं'. मॉस्कोहून बघणाऱ्याला ते दूरच. पुढं १९०४-०५ च्या युद्धात जपाननं रशियाला हरवलं. शेजारच्या लुशुनमध्ये, म्हणजे इतिहासाच्या पुस्तकातल्या पोर्ट आर्थरमध्ये, महिनोन्‌महिने वेढा पडला होता. मग १९४५ पर्यंत चाळीस वर्षं तिथं जपानी राज्य होतं. १९०९ साली सुरू झालेली ट्राम अजून चालते. आम्ही तिनं बाजारात जायचो, चालवायला बहुतेक वेळा बाई असायची.

घर मिळाल्यावर पहिलं काम म्हणजे चोवीस तासांच्या आत पोलीस चौकीत नोंद. परदेशी माणसाला ते बंधनकारकच. चौकीतला तरुण पोलीस आमची आडनावं वाचताना घामाघूम झाला. शेवटी विभागातल्या कारकून बाईंनी आम्हाला चिनी नावं करून दिली, तीन-तीन अक्षरांची. चार वर्षं मी त्या नावानं सही केली, पगार घेतला, दुधाचं बिल भरलं. रस्त्यात साडी बघून लोक 'यिन्दू, यिन्दू' म्हणायचे, म्हणजे इंडिया. साठीच्या पुढची माणसं राज कपूरच्या 'आवारा'तलं गाणं गुणगुणून दाखवायची, तर पोरांना 'थ्री इडियट्स' पाठ. मधल्या वयाच्या लोकांना आमच्याशी काय बोलावं ते सुचायचं नाही. ते फोटो काढून घ्यायचे.

आता मुलांकडे येते.

त्या काळात चीनमधली अनेक वैद्यकीय विद्यापीठं परदेशी मुलांसाठी इंग्रजीतून एमबीबीएस चालवत होती. पहिल्या वर्षांचे विषय शिकवायला भारतातून शिक्षक घेत. आमच्या वर्गात आंध्र, केरळ, राजस्थान अशी सगळीकडची मुलं होती आणि मराठवाड्याचीही बरीच. ती ओळखू यायला वेळ लागायचा नाही. जिन्यात कुणीतरी 'काय करलालास रे?' असं ओरडलं की हे खाली धावायचे, आपल्याकडचं पोरगं आलं म्हणून. लातूर पॅटर्नचं नाव देशभर. बाहेरगावची मुलं खोली घेऊन तिथं बारावी करायला येतात. पण त्या पॅटर्नमधूनही सगळ्यांना सरकारी जागा मिळत नाही, आणि खासगी कॉलेजची फी शेतकऱ्याला झेपत नाही. मग कुणी एजंट घरी येतो, रंगीत पुस्तिका दाखवतो. अहमदपूर तालुक्यातल्या एका मुलाच्या वडिलांनी दोन एकर विकले होते. ते दर रविवारी मला फोन करायचे. 'मॅडम, पोरगं कसंय?' एवढंच विचारायचे आणि मग दोघंही थोडा वेळ गप्प राहायचो.

त्या मुलांपुढे दोन डोंगर होते. पहिला सगळ्यांना माहीत आहे. परत आल्यावर भारतात स्क्रीनिंग परीक्षा, २००२ पासून सुरू झालेली. ३०० गुणांची, त्यातले १५० मिळाल्याशिवाय इथं डॉक्टरकी करता येत नाही. बहुसंख्य मुलं तिथं अडकतात. दुसऱ्याबद्दल मात्र एजंट बोलत नव्हता, पुस्तिकेतही त्याविषयी काही नव्हतं. वर्ग इंग्रजीत, पण वॉर्ड चिनी भाषेत. खाटेवरच्या म्हाताऱ्याला इंग्रजीचं एक अक्षर येत नाही. चिनी प्राध्यापक त्याच्याशी पाच मिनिटं बोलणार आणि वळून मुलांना इंग्रजीत एक वाक्य सांगणार. 'पोटात दुखतंय.' पाच मिनिटांत तो म्हातारा काय काय बोलला असेल! कधीपासून, जेवणाआधी की नंतर, दुखणं पाठीत जातं का, घरात आणखी कुणाला आहे का? वैद्यकीचं अर्धं शिक्षण त्या पाच मिनिटांत असतं आणि आमची मुलं तेव्हा काचेपलीकडं उभं राहिल्यासारखी बघत असायची. चिनी भाषेचा एक तास वेळापत्रकात होता. पण तो पास होण्यापुरता, 'माझं नाव अमुक आहे, मी सफरचंद खातो' असला.

आमच्या खालच्या मजल्यावर ऐंशी वर्षांच्या एक बाई राहायच्या. तिथं मावशीच्या वयाच्या बाईला 'आयी' म्हणतात. आपल्या खेड्यांतून आईला 'आय' म्हणतात, त्यामुळं ती हाक माझ्या तोंडी पहिल्या दिवशीच बसली. सुरुवातीला त्यांची कॉलेजात जाणारी नात मध्ये बसून दुभाषीपणा करायची, नंतर तिची गरज उरली नाही. एकदा आयी लोकर विणत होत्या आणि टाके मोजत होत्या. कानावर पडलं ते चिनी नव्हतं. इची, नी, सान, शी. मी विचारल्यावर त्या जरा कावऱ्याबावऱ्या झाल्या. जपानी अमलात शाळेत जपानी शिकावी लागे आणि गणितही त्याच भाषेत. १९४५ नंतर त्या जपानीत कुणाशी एक वाक्य बोलल्या नाहीत, पण मोजायला बसलं की आकडे तेच येतात.

मला माझे आजोबा आठवले. निजामाच्या राज्यात नांदेडला शिकलेले. घरी मराठी, शाळेत उर्दू. १७ सप्टेंबर १९४८ ला राज्य गेलं, पण आजोबा नव्वदीपर्यंत दुधाचा हिशेब उर्दूतच करायचे. आपल्यापैकी कितीजणांच्या आजोबांचं असंच होतं! हे मी आयींना सांगितलं तेव्हा त्यांनी विणकाम खाली ठेवलं आणि माझ्या आजोबांचं नाव विचारलं. मी सांगितलं. त्यांना ते उच्चारता आलं नाही, पण तीनदा प्रयत्न केला.

त्यानंतर मी त्यांना एक काम सांगितलं. आठवड्यातून दोन संध्याकाळी मुलांना खाली पाठवते, तुम्ही त्यांच्याशी पेशंट होऊन बोला. आयींना तर गुडघेदुखी, रक्तदाब, मोतीबिंदू सगळंच होतं, नाटक करायची गरजच नव्हती! पहिला धडा म्हणजे 'कुठं दुखतंय?' पुस्तकी चिनीत 'नाली थंग?' आपल्या पोरांना नाली म्हटलं की रस्त्याकडेचं गटार. पंधरा मिनिटं हसण्यातच गेली. पण शब्द विसरला नाही कुणी. खरी अडचण पुढंच होती. वॉर्डातली म्हातारी माणसं पुस्तकी भाषेत उत्तर देत नाहीत. दाल्येनच्या बोलीला चिनी लोकच 'शिंपल्याच्या वासाची बोली' म्हणून हसतात, जसं पुण्यात आपल्या 'करलाव-जालाव'ला हसतात. ती बोली आयींकडेच शिकायला मिळाली. शेजारच्या आणखी दोन आज्या यायला लागल्या, दुखणी सांगायला माणूस मिळाला म्हणून. अहमदपूरचा तो मुलगा परीक्षेत मागं असायचा, पण या बैठकीत सगळ्यांच्या पुढं. वसतिगृहातल्या स्वयंपाक्यांशी गप्पा मारून त्यानं निम्मी भाषा आधीच उचलली होती. वॉर्डात त्याच्याभोवती पेशंट जमायचे. वर्गात पहिली येणारी हैदराबादची मुलगी त्याच्याकडं 'हा काय म्हणतोय?' असं विचारायला लागली. तेव्हापासून तो अभ्यासालाही बसू लागला. असं का झालं ते मी शिक्षक असून नीट सांगू शकत नाही, पण झालं खरं.

खाण्यापिण्याचं थोडक्यात. शाकाहारी माणसाचे हाल होतात, पण उपाशी मरत नाही. शेंगदाणे भरपूर आणि चांगले, त्यामुळं चटणीची सोय झाली. ज्वारीही मिळायची! ईशान्य चीनचं ते जुनं धान्य, गाओल्यांग. फक्त ते लोक तिची दारू करतात नाहीतर भातासारखी शिजवून खातात. मी मिक्सरमधून पीठ काढून भाकरी थापली तर ती चिरत होती, तरी लातूरच्या माणसानं डोळे मिटून खाल्ली. आयींनी मात्र हात लावला नाही. लहानपणी तेच खाऊन दिवस काढले होते, आता नको म्हणाल्या. जूनमध्ये तिथं चेरी येते, गोटीएवढी मोठी. ती त्या पिशवी भरून वर आणून द्यायच्या.

आता एक गोष्ट, जी सांगायला मी खरं तर आले. सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस आपल्याला माहीत आहेत, निदान व्ही. शांताराम यांच्या सिनेमामुळं. १९३८ मध्ये काँग्रेसनं पाच डॉक्टरांचं पथक चीनला पाठवलं, त्यात ते होते. नागपूरचे डॉ. चोळकरही होते. पाचही जणांनी आपल्या चिनी नावात शेवटी 'हुआ' हे अक्षर घेतलं, म्हणजे चीन. कोटणीसांचं नाव झालं खं ती-हुआ. बाकीचे परतले, कोटणीस राहिले. चिनी भाषा इतकी शिकले की शस्त्रक्रिया त्याच भाषेत शिकवायचे. तिथल्याच परिचारिका को चिंग-लान यांच्याशी १९४१ मध्ये लग्न केलं आणि ९ डिसेंबर १९४२ ला, वयाच्या बत्तिसाव्या वर्षी, ते गेले. मुलगा तेव्हा काही महिन्यांचा होता. त्याचं नाव यिन-हुआ, भारत आणि चीन. तोही वैद्यकीचं शिक्षण घेत असताना १९६७ मध्ये गेला.

या को चिंग-लान बाई उतारवयात दाल्येनला राहत होत्या. आमच्याच शहरात. जून २०१२ मध्ये, ९६ व्या वर्षी त्या गेल्या. त्यांची भेट होण्याचा योग आमच्या वाट्याला आला नाही. पण पुढच्या एप्रिलमध्ये, छिंगमिंगच्या सुट्टीत, आम्ही श्-च्या-च्वांगला गेलो. छिंगमिंग म्हणजे पूर्वजांच्या समाधी झाडून फुलं वाहण्याचा दिवस, आपल्या सर्वपित्रीसारखा म्हणा. तिथल्या हुतात्मा स्मारकात कोटणीसांची समाधी आहे आणि त्याच आवारात कॅनडाचे डॉ. नॉर्मन बेथून यांचीही. सोबत आमचे तीन विद्यार्थी होते, त्यातला एक सोलापूरचा. शाळेची मुलं रांगेनं येऊन फुलं ठेवत होती. त्यांच्या बाईंनी आम्हाला विचारलं, कुठले तुम्ही? सोलापूरच्या मुलानं शिंपल्याच्या वासाच्या चिनीत उत्तर दिलं, 'यांच्या गावचा.' बाईंनी पोरांना थांबवलं आणि त्याला म्हणाल्या, 'मग तू बोल यांच्याशी.' तो पुढं गेला. काय बोलला ते आम्हाला ऐकू आलं नाही. फक्त मराठीत बोलला एवढं कळलं.

२०२० मध्ये करोना आला तेव्हा चीनमध्ये तेवीस हजारांवर भारतीय विद्यार्थी होते, बहुतेक वैद्यकीचे. सुट्टीला घरी आलेली मुलं दोन वर्षांहून अधिक काळ परत जाऊ शकली नाहीत. लातूर-नांदेडच्या खोल्यांमध्ये बसून मोबाईलवर शिकली. वॉर्ड नाही, पेशंट नाही. त्या काळात मला रोज फोन यायचे. तेव्हा अहमदपूरचा तो मुलगा दुसऱ्या प्रयत्नात स्क्रीनिंग पास होऊन डॉक्टर झालेला होता. देगलूरकडं असतो. सीमेपलीकडचे पेशंट येतात, तेलुगू बोलणारे. मागच्या दिवाळीत भेटला तेव्हा म्हणाला, 'मॅडम, आता एक्कड नोप्पी.' म्हणजे काय, असं मी विचारलं. 'नाली थंग,' म्हणाला.

आपल्यापैकी तिघांनी मला मुलांना परदेशी वैद्यकीला पाठवण्याबद्दल विचारलंय. जेवणानंतर मी मागच्या खोलीत, आपल्या जुन्या आठवी 'ब'मध्ये, बसणार आहे. एजंटनं दिलेले कागद घेऊन या. फी किती हे आधी बघू नका. शेवटच्या दोन वर्षांत मुलगा कुठल्या दवाखान्यात उभा राहणार, तिथले पेशंट कुठली भाषा बोलतात आणि ती शिकवायला किती तास ठेवलेत, ते त्या कागदात कुठं लिहिलंय का, ते आपण आधी शोधू.