उन्हाळी टोमॅटो : भाव आणि भान

नाशिक व जुन्नर परिसरात टोमॅटो हे नगदी पीक म्हणून चांगलेच रुजले आहे. उन्हाळ्यात आवक घटून भाव चढण्याची आशा असते. म्हणून शेतकरी कडक उन्हातही लागवडीचे धाडस करतो.

परंतु निसर्गाची मर्यादा तेथेच आडवी येते. दिवसाचे तापमान ३५ अंशांपलीकडे गेले आणि रात्रही उष्ण राहिली, की परागकण निकामी होऊन फुले गळतात. ३० अंशांवर लाल रंग नीट भरत नाही. शिवाय पांढरी माशी पाने आकसविणारा विषाणुरोग पसरविते.

यावर उपाय आहेत. रोपे बारीक जाळीखाली वाढवावीत. बेंगळुरूच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेचे 'अर्का रक्षक' हे संकरित वाण या विषाणुरोगास प्रतिकारक आहे. ठिबक सिंचन, आच्छादन व बांबू-तारेचा आधार द्यावा. फळांवर पानांची सावली राखावी.

बाजाराचे ऊन मात्र याहून प्रखर असते. जुलै २०२३ मध्ये किरकोळ भाव किलोला शंभर रुपयांपलीकडे गेला. सप्टेंबरात तोच माल उत्पादकांना अगदी थोड्या रुपयांत विकावा लागला. चढा भाव पाहून सारा गाव एकाच वेळी लागवडीस धावला, तर हेच पुन्हा घडेल. ग्रामसभेत पाणी व लागवडीचा हिशेब आधीच मांडला गेला, तर पुष्कळांचे घाम आणि भांडवल वाचेल.