बंदूक बदलते तेव्हा



विषय वाचून कोणाला वाटले असेल की हा युनियनवाला आज रणगर्जना करणार. तसे काही नाही. आम्ही बंदूक कधी चालविलेली नाही. आमचे आयुष्य कारखान्याच्या फाटकावर गेले. तेव्हा विषयही फाटकाच्या बाजूनेच मांडू.

फौजेची रायफल बदलली की वर्तमानपत्रात नव्या रायफलीचे चित्र येते. पण तिच्याबरोबर काडतूस बदलले काय, हे विचारले पाहिजे. १९६२ साली हिमालयात आपला जवान ‘थ्री-नॉट-थ्री’ घेऊन उभा होता. दर गोळीमागे बोल्ट हाताने ओढायचा नि ढकलायचा. समोर चिनी सैनिकांजवळ स्वतःच पुढची गोळी चढविणाऱ्या रायफली होत्या. पराभवाचे सारे खापर रायफलीवर फोडणे अन्यायाचे होईल. अंगावर लोकरीचे कपडे नव्हते, मागे रस्ते नव्हते. पण बोल्ट ओढण्यात गेलेला क्षण परत मिळत नाही, हेही खरेच.

त्यानंतर बंगालमधील ईशापूरच्या कारखान्यातून ७.६२ मिलिमीटरची नवी रायफल येऊ लागली. त्याबरोबर जुन्या बोल्टच्या रायफलीचीही एक आवृत्ती तेथे निघाली, तीही हेच नवे काडतूस घेणारी. आम्हाला ही गोष्ट फार शहाणपणाची वाटते. बंदुका दोन, पण पेटीतला माल एक! खडकीचा दारूगोळा कारखाना १८६९ चा. भुसावळजवळ वरणगावचा १९६४ साली निघाला.

काडतूस होते कसे? पितळेची लहानशी वाटी घ्यायची, पंचाने डायमधून दाबून लांब करायची. दाबल्याने पितळ कडक होते, म्हणून भट्टीत तापवून मऊ करायचे, पुन्हा दाबायचे. असे फेरे होत पुंगळी तयार होते. मग बुडाशी ठिणगी पाडणारी टोपी, आत दारू, तोंडाशी गोळी. प्रत्येक टप्प्यावर गेज लावायचे. केसभर चूक झाली तर रायफल अडकते, आणि ती अडकते ती कचेरीत नव्हे. काडतूस बदलायचे म्हणजे हे सारे डाय, पंच, गेज बदलायचे, आणि त्यावर बसलेला कामगाराचा हातही.

पुढे अमेरिकेने व्हिएतनामच्या काळात ५.५६ ची लहान गोळी धरली; १९८० मध्ये नाटो राष्ट्रांनी ती प्रमाण मानली. कारण सरळ आहे. मोठे काडतूस सुमारे २४ ग्रॅम, लहान त्याच्या निम्मे. म्हणजे तेवढ्याच वजनात दुप्पट गोळ्या. जखमी शत्रूला उचलायला आणखी दोघे अडकतात, असाही हिशेब सांगितला जातो. आम्हाला तो ऐकवत नाही, आणि जखमी साथीदाराला टाकून पुढे जाणाऱ्या घुसखोरापुढे तो चालतही नाही. आपल्याकडे पुण्याच्या पाषाण येथील संस्थेने ‘इन्सास’ रचली. १९९० नंतरच्या दशकात ती जवानांच्या हाती आली. १९९९ मध्ये कारगिलच्या थंडीत तिची मॅगझिने तडकल्याच्या तक्रारी आल्या.

मग फौज पुन्हा जड गोळीकडे वळली. २०१९ साली ७२,४०० अमेरिकी रायफलींचा करार झाला. डिसेंबर २०२१ मध्ये अमेठीजवळ कोरव्याला रशियन धाटणीच्या सहा लाखांहून अधिक रायफली करण्याचे ठरले. दोन्हींवर आकडा ७.६२ चाच. पण एकीची पुंगळी ५१ मिलिमीटर लांब, दुसरीची ३९. एकीचे काडतूस दुसरीत चालत नाही. शिवाय इन्सास आहेच, तिचे तिसरे.

त्याच २०२१ च्या १ ऑक्टोबरला आयुध कारखान्यांचे मंडळ मोडून सात कंपन्या झाल्या. दारूगोळ्याची कंपनी पुण्यात बसते. युनियनांनी विरोध केला, तर संपालाच मनाई करणारा कायदा आला. कंपनी मागणीवर जगणार. मग तीनपैकी कोणते काडतूस किती वर्षे लागणार, हे कामगाराला आधी सांगायला नको काय? एका दिवसात ना डाय बदलतो, ना हात.

आणि वर डोंगरात खेचरावर पेटी चढविणाऱ्या शिपायाने आता नुसते ‘७.६२’ वाचून भागत नाही. त्यापुढचा आकडाही त्याला वाचावा लागतो, रात्री, हातमोजे घालून.