मुलाचा होकार
(मंडळाच्या सभागृहात दिलेल्या भाषणाचा मजकूर)



मी डॉक्टर नाही. सरकारी खात्यातला डिप्लोमावाला माणूस. पण माझा मुलगा ऑटिझम असलेला, म्हणजे स्वमग्न आहे. त्यामुळे हा विषय माझ्या घरचा.

अशा मुलांसाठी वर्तन-उपचार नावाची पद्धत आहे. कामाचे छोटे टप्पे करायचे, जमले की शाबासकी किंवा आवडती वस्तू द्यायची. अमेरिकेत इवार लोवास यांनी १९८७ साली आठवड्याला चाळीस तासांच्या अशा शिकवणीचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात मुलावर ओरडणे, प्रसंगी मांडीवर चापट मारणेही होते. आज विचार बदलला आहे. तिथल्या वर्तन-विश्लेषकांच्या आचारसंहितेत १ जानेवारी २०२२ पासून शिकणाऱ्याच्या होकाराचीही दखल घेतली आहे. कागदावर सही आईबापांची, पण होकार मुलाचा.

मूल बोलत नसेल तर होकार कसा कळणार? स्वतःहून येऊन बसले, वस्तूकडे हात केला, तर 'हो'. मान फिरवली, हात झटकला, उठून गेले, तर 'नाही'. 'नाही' दिसले की थांबायचे, काम सोपे करायचे. 'पुरे' सांगण्यासाठी चित्राचे कार्ड द्यायचे आणि ते दाखवले की खरोखर थांबायचे.

वडीलधारे विचारतात, "मग तो शिकणार कधी?" औषध घेणे, रस्त्यावर हात धरणे यात सूट नाहीच. पण तिथेही आधी सांगता येते, कोणता हात धरू हे विचारता येते.

आपल्या २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या चौथ्या कलमातही, दिव्यांग मुलांना स्वतःशी संबंधित बाबतीत मत मांडता यावे, असे म्हटले आहे.

हे लाड नव्हेत. प्रत्येक मोठ्या माणसापुढे निमूट बसायला शिकलेले मूल, उद्या वाईट हेतूने कोणी हात लावला तर 'नाही' कसे म्हणेल? ती सवय घरातच लागायला हवी.

मंडळींना एकच विनंती. उत्सवात एखादे मूल पाया पडायला तयार नसेल, स्टेजवर गाणे म्हणणार नसेल, ढोल-ताशाच्या आवाजाने कानांवर हात ठेवून बाहेर उभे असेल, तर त्याला ओढू नका. प्रसाद तिथेच नेऊन द्या. मनात आले की ते आपणहून आत येईल.

गणपती बाप्पा मोरया!