खाणनगरीची सहल



सहलीहून परतलेल्या विद्यार्थ्यास काय पाहिलेस असे विचारले, तर तो बहुधा स्थळांची यादी सांगतो. त्या यादीपलीकडे त्याची दृष्टी कशी न्यावी, हे आज कर्नाटकातील कोलार सुवर्णक्षेत्राच्या उदाहरणाने आपणांपुढे मांडावयाचे आहे.

बंगळूरपासून सुमारे १०० किलोमीटरांवरील या क्षेत्रात जॉन टेलर अँड सन्स या इंग्रज कंपनीने १८८० साली आधुनिक पद्धतीचे खाणकाम आरंभिले. १९०२ साली कावेरीवरील शिवनसमुद्राहून तारा ओढून येथे वीज आणली गेली. बंगळूर शहरास ती १९०५ साली मिळाली. चॅम्पियन रीफची खाण ३ किलोमीटरांहूनही खोल गेली. खोलवरचा खडक बाहेरून येणारे बहुतेक वैश्विक किरण अडवितो. म्हणूनच १९६५ साली मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांना, परदेशी सहकाऱ्यांसह, येथे वातावरणात जन्मणाऱ्या न्यूट्रिनो कणांची नोंद करता आली.

साहेबांचे बंगले, जवळचा बेतमंगलचा तलाव, कोटिलिंगेश्वराचे देवालय ही स्थळे मुलांस अवश्य दाखवावी. परंतु मजुरांच्या लहान घरांच्या रांगाही तितक्याच सावकाश दाखवाव्या. तामिळ प्रदेशातून आलेले हे मजूर, त्यांतील बहुसंख्य दलित, असह्य उष्म्यात आणि खडक अकस्मात फुटण्याच्या भयात काम करीत. सुमारे १२० वर्षांत ८०० टनांच्या आसपास सोने निघाले. २८ फेब्रुवारी २००१ रोजी खाणी बंद झाल्या आणि कित्येकांच्या मुलानातवंडांना पोटासाठी रोज आगगाडीने बंगळूर गाठावे लागले.

निघण्यापूर्वी वर्गात एक पाठ घ्यावा. आपल्या गावापासून ३ किलोमीटरांवरील एखादे परिचित ठिकाण मुलांस सांगावे आणि तेवढेच अंतर सरळ भूमीच्या पोटात कल्पावयास लावावे. मग विचारावे, तेथे कोण उतरले असेल? सोने कोणाकडे गेले? मागे काय उरले?

शेवटच्या प्रश्नाचे उत्तर तेथे डोळ्यांसमोरच उभे आहे. सोने काढून घेतल्यावर उरलेल्या मातीच्या त्या राखाडी टेकड्या होत. सोने वेगळे करण्यास सायनाइड वापरीत असल्याने मुलांस त्यांवर चढू देऊ नये. त्या दुरूनच दाखवाव्या.

हे तीन प्रश्न घेऊन मुले परतली, तर आपल्या परिसरातील दगडखाण वा धरण पाहतानाही ती हेच विचारतील. सहलीचा खर्च त्या दिवशी सार्थकी लागला, असे समजावे.