पाटकऱ्याचं फावडं

धुळे-नाशिक भागात पांझरा, मोसम या नद्यांवर जुने दगडी बंधारे आहेत. बंधाऱ्यातून पाट निघतो. पाटाखालची जमीन तीन-चार फडांत, म्हणजे मोठ्या तुकड्यांत, वाटलेली. एका फडात एकच पीक. पाणी कधी, कुणाला, हे शेतकरी नव्हे, गावानं नेमलेला पाटकरी ठरवतो. खांद्यावर फावडं टाकून तो पाटाच्या कडेनं येतो, मातीचं दार मोडतो, शेत भिजलं की चिखल थापून पुन्हा बांधतो. नदीचं पाणी कमी पडलं, तर एखादा अख्खा फडच पडीक राहतो. प्रत्येक फडात बहुतेकांची जमीन असते, म्हणून झळही सगळे मिळून सोसतात. मला यातलं हेच सर्वांत मोलाचं वाटतं. वर धरणं झाली, विहिरी वाढल्या, आणि दुर्दैवानं बरेच फड मोडले.